सत्तुराआधी सुरी

वणी तालुक्यातलं राजूर म्हटलं की कोळशाची खाण आणि चुनाभट्ट्या आठवतात, हरणं नाहीत. हरणं याच जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्यांच्यावर सुरी चालवणं तर सोडाच, त्यांचं मांस घरात ठेवणंही गुन्हा. अमेरिकेत परवाना काढून मारलेलं हरीण शिकारी घरीच सोलतात, आणि त्याला कुठली सुरी बरी यावर तिकडे हिरिरीने वाद चालतात. राजुरात तो प्रश्न बकऱ्यापुरता: धुळवडीला चार घरांनी मिळून बकरा घेतला आणि वाटे पाडायचे ठरले म्हणजे. तरी उत्तर तेच राहतं. हरीण काय नि बकरा काय, दोघंही रवंथ करणारे, दुभंगलेल्या खुरांचे, आणि त्यांचे सांधेही त्याच जागी. म्हणून घरच्या कामाला आधी लागते लहान, अरुंद पात्याची सुरी. सत्तूर नंतर.

हे पटायला पुढचा पाय बघावा. माणसाच्या खांद्याला हासळीचं हाड छातीशी जोडतं. बकऱ्याला ते नसतंच. त्याचा फरा बरगड्यांवर नुसत्या स्नायूंनी धरून ठेवलेला असतो. पाय वर उचलून बगलेतून सुरी फिरवली की अख्खा फरा सुटतो, पात्याला हाड लागतसुद्धा नाही. मागच्या पायाला खुब्याची वाटी आहे, पण तिथेही पाय मागे मोडून आतला बंध कापला की गोळा वाटीतून बाहेर येतो. ज्या कामाला ५-६ इंचांचं पातं पुरतं, तिथे सत्तूर घातला तर हाडाच्या कपच्या उडतात आणि त्या जेवताना दाताखाली येतात. सोलायला मात्र पुढून गोलवा असलेली सुरी घ्यावी. अणकुचीदार टोक कातड्यात घुसतं, आणि आतडं फुटलं तर भोवतीचं मटण खराब झालंच.

यावर हमखास येणारा आक्षेप रश्श्याचा. आपल्याला हाडासकट मटण लागतं, नळी लागते. सत्तुराशिवाय ते कसं व्हायचं? आक्षेप रास्त आहे, पण तो सत्तूर असावा एवढंच सिद्ध करतो, तो आधी असावा हे नाही. सत्तुराची धार मुद्दाम जाड कोनाची ठेवतात, म्हणजे ती हाडावर टिकते. तीच धार मांस चिरत नाही, दाबत जाते. सुरीची धार पातळ, ती हाडावर आपटली की तुटते. दोन्ही कामं एकाच पात्याकडून करून घेणं ही काटकसर महागात पडते. सांध्यांवर वाटे पडले की मग चिंचेच्या ठोकळ्यावर सत्तुराने खुशाल तुकडे करावेत.

दुसरा वाद पोलादाचा. ट्रकच्या कमानपट्ट्यातून लोहाराने घडवलेली, नीट पाणी दिलेली सुरी दगडावर पटकन धार धरते. पण ती गंजते, काम झालं की पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो. स्टेनलेसला ही कटकट नाही. स्टेनलेस म्हणजे कुचकामी, हा जुन्या लोकांचा ग्रह खरा नाही: स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सच्या स्टेनलेस सुऱ्या जगभरचे खाटीक वापरतात. बाजारातलं पत्र्यासारखं लवणारं पातं तेवढं टाळावं. माझ्या मते कुठल्या पोलादाची यापेक्षा सुरीला निसणा किती वेळा लागतो, हा प्रश्न मोठा. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि चरबीने बुळबुळीत झालेल्या हातात जोर लावला की ती घसरते. धारवाल्याच्या चाकावर काम झटपट होतं खरं, पण चाकाच्या उष्णतेने धारेची कड निळी पडली तर तिथलं पाणी उतरलं म्हणून समजावं. त्यापेक्षा घरी ओल्या दगडावर, एकच कोन धरून, सावकाश घासलेलं बरं. आणि मूठ गुळगुळीत पितळेची नको, बोट पात्यावर जाऊ नये म्हणून पुढे अडण असलेली, जरा खरबरीत हवी.