मोफत आहे, पण किती लांब?

देशोदेशींच्या आरोग्यसेवेची तुलना करताना आपण बहुधा एकच विचारतो: पैसे कोण भरतो? ब्रिटनमध्ये १९४८ पासून मुख्यतः करातून खर्च भागतो. अमेरिकेत बऱ्याच जणांचा विमा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की तोही धोक्यात. आपल्याकडे १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत.

मग प्रश्न सुटला का? मानोऱ्याच्या मजुराला अकोल्याला पाठवलं, तर गाडीभाडं, बुडालेली मजुरी, सोबतच्या माणसाचं जेवण त्याच्याच खिशातून. बिल शून्य, तरी घरात उसनवारी.

थायलंड बघा. २००२ मध्ये ३० बाटमध्ये उपचारांची योजना त्यांनी देशभर नेली. पण त्याआधी कित्येक वर्षं तालुक्या-तालुक्यांत रुग्णालयं बांधली, नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची केली. आधी दवाखाना, मग योजना.

१९९८ साली झालेल्या आपल्या वाशिम जिल्ह्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. चांगलंच झालं. पण आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना विचाराल, तर आरोग्याचा हक्क कोसांत मोजावा: रात्री दोनला पोटात दुखायला लागलं, तर डॉक्टर किती कोसांवर?