नंबर लागेल का?

मेडिकलला किंवा चांगल्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजला नंबर लागेल का, याचा अंदाज महाराष्ट्रात चार गोष्टींवरून बांधतात: परीक्षेतले गुण, प्रवर्ग, विभाग आणि गेल्या वर्षीचा कट-ऑफ. गुण विद्यार्थ्याच्या हातात असतात. प्रवर्ग आणि विभागाचे नियम सरकार व न्यायालये ठरवतात, आणि कट-ऑफ त्या नियमांच्या मागोमाग हलतो. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्यातल्या सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावात हा अंदाज एकेकाळी कॉलेजातले सर फुकट सांगत. आता तो शहरातला समुपदेशक फी घेऊन सांगतो, आणि तरीही तो चुकतो. मेडिकलच्या देशव्यापी प्रवेश परीक्षेचा, म्हणजे नीटचा, मार्ग पुन्हा मोकळा झाला 2016 च्या एप्रिलमध्ये. त्याला दहा वर्षे होत असताना या हिशेबाचा मागोवा घेतला, तर तो स्पर्धेमुळे जितका बिघडला त्याहून अधिक नियमांच्या धरसोडीमुळे बिघडला, हे दिसून येते.

आधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1956 चे, शासकीय अभियांत्रिकी 1960 चे. दोन्हीकडे प्रवेश बारावीच्या गुणांवर होत. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजी किंवा गणित या ‘ग्रुप’ची बेरीज कागदाच्या कपट्यावर मांडली की काम भागे. तो काळ सोन्याचा मुळीच नव्हता. प्रात्यक्षिकाचे गुण सढळ हाताने वाटले जात, कॉपीची केंद्रे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक असत, आणि प्रामाणिक पोरगा दोन-चार गुणांनी मागे राहत असे. हिशेब मात्र सरळ होता.

मेडिकलसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, सीईटी, 1999 मध्ये आली. पुढे काही वर्षांत इंजिनिअरिंगही तिच्यावर गेले. मेडिकलच्या सीईटीला दोनशे प्रश्न आणि दोनशे गुण, अभ्यासक्रम राज्य मंडळाच्या बारावीचा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसत. तिची पुरती तयारी करून घेण्याची पद्धत लातूरने बसवली, आणि मराठवाड्यातली ऐपतदार घरे अकरावीलाच मुलांना लातूरला ठेवू लागली. सिल्लोडच्या मका-कापसाच्या पट्ट्यातल्या घरांना ते दरवर्षी जमणारे नव्हते. तरी नियम बदलत नसल्याने गावात राहूनही कट-ऑफचा अंदाज बांधता येई. ही वर्षे कंटाळवाणी होती आणि विद्यार्थ्यांना तीच मानवली.

घडी विस्कटली ती 2013 पासून. त्या वर्षी 5 मे रोजी देशभर पहिली नीट झाली. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, अभ्यासक्रम अकरावी-बारावी दोन्हींचा. राज्य मंडळाच्या पुस्तकांत बारावीच घोटून घेतलेल्या मुलांना तो फटका होता. 18 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ती परीक्षाच रद्दबातल ठरवली, आणि पुढच्या वर्षी राज्याची सीईटी परत आली. 2016 मध्ये याचा कडेलोट झाला. 11 एप्रिलला न्यायालयाने आपला जुना निर्णय मागे घेतला, 28 एप्रिलला त्याच वर्षी नीट घेण्यास मान्यता दिली, 1 मे रोजी नीटचा पहिला टप्पा झाला, 5 मे रोजी राज्याची सीईटी झाली, आणि 24 मे रोजी केंद्राच्या अध्यादेशाने राज्याच्या सरकारी जागांना त्या वर्षापुरती नीटमधून सूट मिळाली. या महिना-दीड महिन्यात मुलांनी नेमके कोणते पुस्तक उघडायचे होते, हे कोणत्याही आदेशात लिहिलेले नव्हते. 2017 पासून नीट कायम झाली आणि मराठीतही प्रश्नपत्रिका मिळू लागली. मराठीतून नीटची तयारी करून घेणारे शिक्षक आणि साहित्य मात्र त्या प्रमाणात आले नाही.

इंजिनिअरिंगची तऱ्हा वेगळी नव्हती. 2014 मध्ये राज्याने सीईटी बाजूला ठेवून निम्मे वजन देशपातळीवरच्या जेईई मेनला आणि निम्मे बारावीला दिले. दोन वर्षांत तो प्रयोग गुंडाळला गेला आणि 2016 पासून पुन्हा सीईटी आली. 2019 पासून ती संगणकावर, अनेक सत्रांत होऊ लागली. गुणांच्या जागी पर्सेंटाइल आले. 150 गुण मिळाले म्हणजे काय, हे घरच्यांना कळत होते. 92 पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले 92 नव्हेत, तर 92 टक्के उमेदवार आपल्या मागे आहेत, हे समजायला अनेक घरांचे एक वर्ष वाया गेले.

त्यात प्रवर्गाचे रकाने हलले. मराठा आरक्षण 2014 मध्ये अध्यादेशाने आले आणि त्याच नोव्हेंबरात उच्च न्यायालयाच्या स्थगितीत अडकले. 2018 मध्ये कायद्याने 16 टक्के झाले, 2019 मध्ये उच्च न्यायालयाने ते शिक्षणासाठी 12 टक्क्यांवर आणले, 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, आणि 2024 मध्ये नव्या कायद्याने 10 टक्के पुन्हा आले. 2019 पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचा 10 टक्क्यांचा रकानाही जोडला गेला. आरक्षण हवे की नको, हा वेगळा वाद आहे. रकाना येतो-जातो तेव्हा शेजारच्या सगळ्या रकान्यांचे कट-ऑफ सरकतात, आणि गेल्या वर्षीचा तक्ता निरुपयोगी होतो.

विभागाचा अन्याय सर्वांत जुना. वैद्यकीय प्रवेशात राज्याच्या वाट्याच्या 70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना आणि 30 टक्के राज्यभरातल्या विद्यार्थ्यांना, असे सूत्र होते. मराठवाड्यात बराच काळ औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर एवढीच चार सरकारी महाविद्यालये होती. ‘उर्वरित महाराष्ट्र’ या विभागाकडे मुंबई, पुण्यापासून कोल्हापूर, धुळ्यापर्यंत ती रांगेने होती. सिल्लोडला हे रस्त्यावरच दिसे. गावातून जाणारा महामार्ग दक्षिणेला सुमारे 65 किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला पोचतो, उत्तरेला अजिंठ्याचा घाट उतरून जळगावला. जळगावला 2018 मध्ये सरकारी मेडिकल सुरू झाले. पण फर्दापूर ओलांडून जिल्हा बदलला की विभागही बदलत होता, आणि एकाच महामार्गावरच्या दोन महाविद्यालयांत सिल्लोडच्या मुलाची पात्रता वेगवेगळी ठरत होती.

हे सूत्र गेले ते 8 सप्टेंबर 2020 रोजी. वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी विधिमंडळात ते रद्द केल्याचे जाहीर केले. मराठवाड्याची मागणी रास्त होती आणि निर्णयही योग्य होता. त्याची वेळ मात्र पाहण्यासारखी आहे. 9 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, आणि 13 सप्टेंबरला नीट झाली. परीक्षेला जेमतेम पाच दिवस उरले असताना विभाग आणि प्रवर्ग हे दोन्ही आधार बदलले. आधीच कोरोनाने चार महिने पुढे गेलेल्या परीक्षेला मुले बसली तेव्हा आपण कोणत्या यादीत मोजले जाणार, हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. 2021 मध्ये तर बारावीची परीक्षाच झाली नाही. दहावी, अकरावी आणि बारावीच्या गुणांचे 30:30:40 मिश्रण करून राज्याचा निकाल 99.63 टक्के लागला. अंदाजाचा जुना पाया त्या निकालाने संपवला.

अलीकडे परीक्षेचे नियम स्थिर झाले, तेव्हा गुणच हलू लागले. 2023 च्या नीटमध्ये 650 गुणांना देशात सात हजारांच्या आसपासचा क्रमांक होता. 2024 मध्ये तेवढ्याच गुणांना तो तीस हजारांच्या घरात गेला. त्या वर्षी आधी 67 जणांना पैकीच्या पैकी गुण मिळाले, 1,563 जणांचे वाढीव गुण काढून त्यांच्यासाठी फेरपरीक्षा घ्यावी लागली, आणि पेपरफुटीच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले. 2025 मध्ये पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला 686 गुण होते आणि 650 च्या वर शंभराहून कमी मुले उरली. तीन वर्षांत एकाच आकड्याचे तीन अर्थ झाले. म्हणून नीटमध्ये गुणांवरून तर्क करणे चूक. देशातला क्रमांक, त्यावरून राज्याच्या यादीतला क्रमांक आणि मग प्रवर्गातला, या क्रमानेच जावे लागते.

इंजिनिअरिंगच्या कट-ऑफचा तक्ता वाचणे हीही एक विद्या झाली आहे. त्यात ‘जी-ओपन-एच’, ‘एल-ओबीसी-ओ’ अशी लघुरूपे असतात. पहिले अक्षर सर्वसाधारण जागा की मुलींची, हे सांगते. मधला भाग प्रवर्ग. शेवटचे अक्षर जागा आपल्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्यांसाठी, बाहेरच्यांसाठी की राज्यस्तरावरची, हे दाखवते. सिल्लोडच्या मुलाने पुण्याच्या कॉलेजचा ‘एच’चा रकाना पाहून आशा धरली, तर ती फोल ठरते. पर्यायांचा क्रम चुकला आणि पहिलाच पर्याय मिळाला, तर पुढच्या फेरीची वाट बंद. जात वैधता किंवा नॉन-क्रीमी लेअरचा कागद वेळेत आला नाही, तर आरक्षित जागा जाते आणि नाव खुल्या यादीत पडते. अकरावीलाच क्लाससाठी शहरात गेलेल्या मुलाला हे सगळे क्लासमध्येच सांगतात. सिल्लोडला राहिलेला मुलगा महा ई-सेवा केंद्राच्या काउंटरवर, अर्जाच्या शेवटच्या दिवशी ते शिकतो. 2025 पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले. त्यामुळे शेजारच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाण्यासाठीही पसंतीक्रम भरणे आले.

या काळात जागा वाढल्या, हे खरे आहे. छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी मेडिकलच्या जागा 150 वरून 200 झाल्या. धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोलीला नवी सरकारी महाविद्यालये आली. त्यामुळे प्रवेशाची शक्यता कागदावर वाढली आहे. पण शक्यता वाढणे आणि ती आधी ओळखता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला ती ओळखता येत नाही तो एक वर्ष ‘ड्रॉप’ घेतो, घरातले पैसे क्लासवर घालतो, किंवा मिळत असलेली जागा सोडून बसतो. त्यावर उपाय साधा आहे: अकरावीत पाऊल ठेवताना परीक्षा, अभ्यासक्रम, प्रवर्ग आणि विभागाचे जे नियम असतील, तेच त्या तुकडीच्या प्रवेशापर्यंत कायम ठेवणे. 2013 पासून अनेक तुकड्यांच्या वाट्याला एवढेही आले नाही.