दहा किलो बर्फ, चार मिनिटे

निरगुडसरहून वाशीच्या मार्केटकडे निघालेली, टोमॅटोच्या क्रेटांनी शिगोशीग भरलेली पिकअप एप्रिलच्या दुपारी पेठ-अवसरी घाटाला लागली, की चालक हटकून एकच तक्रार करतो: गाडी ओढत नाही. तीच गाडी, तेवढेच वजन आणि तोच घाट डिसेंबरच्या पहाटे मात्र सुरळीत पार होतो. फरक डिझेलचा नसतो. तो इंजिनात शिरणाऱ्या हवेचा असतो. हवा तापली की पसरते, आणि पसरलेल्या हवेत तेवढ्याच जागेत ऑक्सिजन कमी मावतो. इंजिनाला हवेचे लिटर कामाचे नाहीत, हवेचे वजन कामाचे. परदेशातले हौशी लोक आपल्या ताकदवान पिकअपच्या हौद्यात चक्क बर्फाची टाकी बसवतात, ती याच कारणाने. या टाकीच्या चित्रफिती आता आपल्याकडच्या पोरांच्या मोबाइलवरही फिरतात आणि गॅरेजमध्ये विचारणा होते, ‘आपल्या गाडीला बसेल का?’ प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर आकड्यांतूनच मिळते.

आधी टर्बो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात बरीच ऊर्जा शिल्लक असते. तिच्यावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावर बसवलेल्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी याने १९०५ मध्ये पेटंट करून ठेवली. आज महिंद्राच्या बोलेरो पिकअपमधले २५२३ सीसीचे डिझेल इंजिनही त्याच कल्पनेवर चालते. पण हवा दाबली की ती तापतेच. बाहेर ३५ अंश तापमान असताना हवेचा दाब दुप्पट केला आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर पलीकडून निघणारी हवा साधारण १३० अंशांवर पोचते. म्हणजे दाबून जे कमावले, त्यातले बरेचसे तापण्यात गेले. इंटरकूलर ते परत मिळवून देतो. तो दिसायला रेडिएटरसारखा असतो. त्याच्या आतून दाबलेली गरम हवा जाते आणि बाहेरून रस्त्याचा वारा. चांगल्या अवस्थेतला इंटरकूलर १३० अंशांची हवा ६५ अंशांपर्यंत खाली आणतो. तेवढ्याने हवेची घनता जवळपास २० टक्क्यांनी वाढते.

वाऱ्यावर चालणाऱ्या या इंटरकूलरला एक मर्यादा आहे. बाहेरच्या हवेपेक्षा थंड तो कधीच करू शकत नाही. दुसरा प्रकार पाण्याचा. त्यात इंटरकूलरमधून वाऱ्याऐवजी पाणी फिरते आणि हे पाणी पुढच्या छोट्या रेडिएटरमध्ये थंड होऊन परत येते. १९९१ ची जीएमसी सायक्लोन ही टर्बो पिकअप अशीच होती. अलीकडची रॅम टीआरएक्स, ७०२ हॉर्सपॉवरची आणि सुपरचार्जर लावलेली, तीही पाण्याचीच. आणि एकदा पाणी आले की त्यात बर्फ टाकता येतो. मग बाहेर ४० अंश असले तरी इंटरकूलरला शून्याजवळचे पाणी मिळते. बर्फाच्या टाकीमागचे सगळे तर्कशास्त्र एवढेच.

बर्फ इतका प्रभावी का, हे ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले. बर्फ वितळत असताना उष्णता शोषत राहतो, पण त्याचे तापमान वाढत नाही. हा अप्रकट उष्मा किलोला ३३४ किलोज्यूल. शून्य अंशाचे एक किलो पाणी ८० अंशांपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी एक किलो बर्फ नुसता वितळताना गिळतो. घरातल्या एसीचा ‘दीड टन’ही इथूनच आला आहे. २४ तासांत एक टन बर्फ वितळवण्याइतकी उष्णता काढून घेणे म्हणजे एक टन, सुमारे साडेतीन किलोवॅट. हा टन जुन्या अमेरिकी मापाचा, ९०७ किलोंचा.

आता हिशेब मांडू. अडीच लिटरचे डिझेल इंजिन तीन हजार फेऱ्यांवर, दुप्पट दाबाने आणि पूर्ण भाराखाली चालले, तर ते सेकंदाला १२० ते १३० ग्रॅम हवा घेते. ही हवा १३० अंशांवरून ३० अंशांवर आणायची म्हणजे सतत सुमारे १३ किलोवॅट उष्णता काढत राहायचे. एसीच्या भाषेत पावणेचार टन! दहा किलो बर्फाच्या अप्रकट उष्म्याचा साठा ३३४० किलोज्यूल. भागाकार केला की उत्तर येते चार मिनिटांच्या थोडे वर. वितळलेले पाणी ३० अंशांपर्यंत तापेतो आणखी दीड मिनिट मिळेल. घाट चढून पठारावर यायच्या आत टाकीत कोमट पाणी उरेल, आणि तिथून वाशीच्या मार्केटपर्यंतचा सगळा रस्ता टाकी, पंप आणि ते पाणी यांचे वजन गाडी फुकट वाहील.

मग ती टाकी बसवणारे लोक चुकतात का? अजिबात नाही. त्यांची गरज वेगळी आहे. आंबेगाव-जुन्नरच्या माणसाला ती पटकन समजेल, कारण नागापूरच्या थापलिंगावर खंडोबाच्या यात्रेत बैलगाडा शर्यतीच्या घाटात सुटतो तेव्हा वर्षभराच्या खुराकाचा आणि मेहनतीचा निकाल दहा-बारा सेकंदांत लागतो. ड्रॅग शर्यत अगदी तशीच. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर सरळ धावपट्टी, आणि निकाल सेकंदांच्या दशांश-शतांशावर. लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरही अशा शर्यती झाल्या आहेत. टीआरएक्सच्या वर्गातली गाडी हे अंतर साधारण १३ सेकंदांत कापते. तिच्या इंजिनात सेकंदाला अर्धा किलो हवा जाते. ती ८० अंशांनी थंड करायला चाळीसेक किलोवॅट लागतात, पण लागतात ते फक्त १३ सेकंद. खर्च होतो दीड-पावणेदोन किलो बर्फ. वीस लिटरच्या टाकीत अनेक बाऱ्या निघतात.

शिवाय अशी इंजिने पेट्रोलची असतात. आत येणारी हवा फार तापली की पेट्रोल ठिणगीच्या आधी किंवा भलत्याच वेळी भडकते आणि इंजिन ठोके देते. ते टाळायला इंजिनाचा संगणक ठिणगी मागे ढकलतो आणि ताकद आपोआप कमी करतो. हवा थंड राहिली की त्याला तसे करावे लागत नाही. डिझेलमध्ये ही अडचण नाही. तिथे थंड हवेने धूर कमी होतो, जळण स्वच्छ होते, सायलेन्सरकडे जाणारा वायू कमी तापतो. पण डिझेल वाढवले नाही तर नुसत्या थंड हवेने ताकद फारशी वाढत नाही. जाहिरातींत हा फरक सहसा सांगत नाहीत.

टाकी बसवण्याचे काम मात्र बघण्यासारखे असते. वरवर प्लंबिंग, पण प्रत्येक जोडात भौतिकशास्त्र. टाकी बहुधा ॲल्युमिनियमची, १५ ते २० लिटरची, बर्फाचे तुकडे हाताने ओतता येतील एवढ्या रुंद तोंडाची. ती हौद्यात मागच्या ॲक्सलच्या वर बसते, आणि बोल्ट पत्र्याला नव्हे तर चेसिसच्या आडव्या पट्टीला कसायचे, कारण भरलेली टाकी पंचवीस किलोंच्या घरात जाते आणि जोरात ब्रेक लागला की पत्रा फाडून पुढे येऊ शकते. पंप विजेवर चालणारा. तो स्वतःहून पाणी वर ओढू शकत नाही, म्हणून टाकीच्या तळापेक्षा खालीच हवा. पंपाला पाणी तळातून द्यायचे आणि तोंडावर जाळी लावायची, नाहीतर बर्फाचा एखादा खडा पंखा अडकवतो. इंटरकूलरमधून तापून येणारे पाणी वरून, भोके पाडलेल्या नळीतून, बर्फावर शिंपडत सोडायचे. यालाही कारण आहे. पाण्याची घनता ४ अंशांना सर्वांत जास्त असते, त्यामुळे स्थिर टाकीत शून्य अंशाचे पाणी वर तरंगत्या बर्फापाशी राहते आणि तळाशी ४ अंशांचे बसते. वरून पडणारी धार ही उतरंड मोडते आणि प्रत्येक तुकड्याला पाणी भिडवते. लादी आहे तशी टाकून चालत नाही. ती फोडूनच घ्यायची, कारण पृष्ठभाग जितका जास्त तितकी उष्णता लवकर शोषली जाते.

पाइपांकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. एक इंच व्यासाच्या पाइपात मीटरला अर्धा लिटर पाणी मावते. टाकी मागे आणि इंजिन पुढे, म्हणजे जाताना चार मीटर आणि येताना चार, असे चार लिटर पाणी पाइपातच असते. पंप मिनिटाला २० लिटर देत असेल, तर टाकीतले गार पाणी इंटरकूलरपर्यंत पोचायला सहा सेकंद लागतात. निशाण पडल्यावर पंप चालू केला तर निम्मी शर्यत कोमट पाण्यावर निघते! म्हणून शर्यतीआधी काही मिनिटे पाणी फिरवत ठेवून इंटरकूलरचा धातूच गार करून घेतात. त्या वेळी पुढचा रेडिएटर या फेऱ्यातून तोडावा लागतो, त्यासाठी तीन तोंडांचा कॉक बसवतात. तो तोडला नाही, तर ज्या रेडिएटरने एरवी पाणी थंड केले तोच आता बाहेरच्या ४० अंशांच्या हवेने बर्फाचे पाणी तापवत बसतो. आणि सगळे जोडून झाले की हवा काढणे आलेच. इंटरकूलरच्या वरच्या कोपऱ्यात हवेचा फुगा अडकला तर तेवढा भाग कोरडाच राहतो.

दोन गोष्टी मी कळकळीने सांगेन. बर्फात मीठ टाकू नका. पाणी शून्याखाली जाईल हे खरे, पण खारट पाणी ॲल्युमिनियम खाऊन टाकते. आणि कोरड्या बर्फाचा मोह नको. तो उणे ७८ अंशांचा गोठलेला कार्बन डायऑक्साइड असतो. तो पाइपातले पाणी गोठवतो आणि बंद केबिनमध्ये त्याचा वायू साठला तर माणूस गुदमरतो. कायद्याची बाजूही आहे: वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे निर्बंध आहेत, आणि रस्त्यावर शर्यत लावणे कलम १८९ खाली गुन्हा आहे. हे खेळ बंदिस्त धावपट्टीवरचे.

बर्फात थंडावा साठवण्याची युक्ती आपल्या भागाला नवी नाही. दूध संकलनात ती कधीपासून वापरतात. धार काढल्यावर दूध ३५ अंशांच्या आसपास असते आणि ते लवकरात लवकर ४ अंशांवर आणायचे असते. हजार लिटरमागे त्यासाठी सुमारे पावणेचारशे किलो बर्फ वितळवण्याइतकी उष्णता काढावी लागते, आणि तीही सकाळ-संध्याकाळच्या थोड्या वेळात. दूध आल्यावर एवढी उष्णता ओढायला फार मोठा कंप्रेसर लागला असता. म्हणून आइस बँक टाकीत वीज असेल तेव्हा, सावकाश, नळ्यांभोवती बर्फाचा थर धरवतात आणि दूध आले की ते गार पाणी फिरवतात. साठा हळूहळू भरायचा आणि भराभर खर्चायचा. जिथे गरज थोड्या वेळापुरती आणि मोठी, तिथे बर्फ शोभतो. २०१८ च्या डॉज डेमनने बर्फाऐवजी गाडीच्याच एसीचा वायू वळवून इंटरकूलरचे पाणी गार केले. तिथेही तत्त्व तेच, शर्यतीआधी थंडावा साठवण्याचे.

मालवाहू पिकअपची गरज नेमकी उलटी आहे: तासन्‌तास, सतत, मध्यम. तिला वारा हवा, आणि तो ताशी ५० किलोमीटरला फुकट मिळतो. ज्यांना उन्हाळ्यात याहून थोडे जास्त हवे, त्यांनी बर्फापेक्षा पाण्याच्या फवाऱ्याचा विचार करावा. सुबारू डब्ल्यूआरएक्स एसटीआय आणि मित्सुबिशी इव्हो यांच्यावर असे फवारे कंपनीकडूनच बसून येत. पाण्याची वाफ होताना किलोमागे सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता जाते, बर्फ वितळण्याच्या सातपट. म्हणजे लिटरभर पाणी सात किलो बर्फाचे काम करते, आणि आपल्याकडची एप्रिल-मेची कोरडी हवा त्याला अनुकूलच. फक्त बोअरचे पाणी नको. त्यातला क्षार पत्र्यांवर पांढरा थर धरतो आणि उष्णता अडवतो.

मला खात्रीने वाटते की निरगुडसरच्या बहुतेक गाड्यांना यातले काहीच लागणार नाही. उसाचे पाचट, धूळ, किडे आणि चिखल यांनी इंटरकूलरच्या बारीक पत्र्यांची वाट बुजलेली असते, किंवा जेटच्या धारेने त्या वाकून मिटलेल्या असतात. धुताना धार लांबून, कमी दाबाने आणि शक्यतो आतल्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारावी. टर्बोचे तेल आत झिरपून चिकट थर बसला असेल तर इंटरकूलर उतरवून आतूनही धुवावा आणि पूर्ण वाळल्यावरच चढवावा. काळा धूर आणि पिकअप कमी, अशी दोन्ही लक्षणे असतील तर आधी होज पाइप बघायचे. चीर बहुतेकदा क्लिपच्या अगदी कडेला असते आणि गाडी उभी असताना दिसत नाही, दाब आल्यावरच उघडते. त्यासाठी टर्बोकडचे तोंड बूच लावून बंद करायचे, इंजिनाकडचेही, आणि हवा भरण्याच्या पंपाने एक ते दीड बार दाब देऊन सगळ्या जोडांवर साबणाचे पाणी लावायचे. जिथे बुडबुडे येतील तो पाइप बदलायचा.