मोठी बँक सरकार बुडू का देत नाही?

५ मार्च २०२० रोजी येस बँकेतून खातेदारांना ५० हजार रुपयांपेक्षा जास्त रक्कम काढण्यास मनाई झाली. त्याच रात्री फोनपे या पेमेंट ॲपचे व्यवहारही अडले, कारण ते याच बँकेमार्फत चालत. सरकारने तातडीने पुनर्रचना योजना मंजूर केली, स्टेट बँकेने आणि काही खासगी बँकांनी भांडवल घातले आणि १८ मार्चला निर्बंध उठले.

एवढी घाई का? मोठ्या बँकेत इतर बँकांचा, कंपन्यांचा पैसा गुंतलेला असतो. ती थांबली की पगार, हप्ते, पुरवठादारांची देणी रखडतात. शिवाय भीती पसरते आणि सुदृढ बँकांपुढेही रांगा लागतात.

पण तोटा दुसरे भरतील अशी खात्री असली, की संचालक बेफिकिरीने कर्जे वाटतात. म्हणून झळ आधी मालकांना बसली पाहिजे.

याउलट पीएमसी या लहान सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले. तिचे विलीनीकरण जानेवारी २०२२ मध्ये झाले. तोवर सामान्य ठेवीदार ताटकळले. लहान बँकेच्या ठेवीदारालाही मोठ्या बँकेइतकीच तत्परता मिळायला हवी.