पेवांतील हळद आणि मेंदूंतील ग्लुटामेट

सांगलीजवळच्या हरिपुरास हळद सांठविण्याची जी जुनी रीत होती, तींत शरीरशास्त्राचा एक धडा दडलेला आहे. जमिनींत खोल पेव खणून त्यांत हळद भरीत व तोंड बंद करीत. आंत प्राणवायु फारसा उरत नसल्यामुळें किडीचा उपद्रव होत नसे. २००५ च्या महापुरानें यांपैकीं पुष्कळ पेवें निकामी केलीं. पेव उघडल्याबरोबर मात्र कोणी आंत उतरत नसे. आधीं हवा खेळूं द्यावयाची, मगच माणसानें खालीं जावयाचें. कारण, जी कोंडलेली जागा हळदीला मानवते, तींत माणसाचा मेंदू कांहीं मिनिटेंहि तग धरीत नाहीं.

असें कां व्हावें? मेंदूचें वजन शरीराच्या शेंकडा २. परंतु प्राणवायु मात्र तो शेंकडा २० इतका खर्च करतो. मज्जापेशी परस्परांस जे निरोप धाडतात, ते पोंचविणारें प्रमुख द्रव्य म्हणजे ग्लुटामेट. जपानांतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनीं १९०८ सालीं समुद्रशेवाळांतून रुचि आणणारें म्हणून जें द्रव्य वेगळें काढलें, तेंच हें. निरोप पोंचला कीं ग्लुटामेट ताबडतोब आवरून घ्यावें लागतें, आणि त्या कामास शक्ति लागते. प्राणवायु तुटला, मग तो पेवांत तुटो कीं पक्षाघातांत रक्ताची गुठळी अडकून तुटो, म्हणजे ही आवराआवर थांबते. ग्लुटामेट सांचतें, पेशींत कॅल्शियमचा लोंढा शिरतो, शक्ति निर्माण करणाऱ्या सूक्ष्म भट्ट्या बिघडतात आणि प्राणवायूचींच दाहक रूपें पेशीला आंतून जाळूं लागतात. ग्लुटामेटच्या अतिरेकानें मेंदूंतील पेशी मरतात, हें अमेरिकेंतील जॉन ओल्नी यांनीं १९६९ सालीं उंदरांवर दाखविलें.

या दाहापासून पेशीचें रक्षण करणारें मुख्य द्रव्य ग्लुटाथायोन. नवल असें कीं, त्याच्या तीन घटकांपैकीं एक ग्लुटामेटच आहे! परंतु तेंच पेशीबाहेर फार सांचलें, म्हणजे दुसऱ्या घटकाची, सिस्टीनची, वाट अडते व रक्षकच क्षीण होतो.

मग घरची हळद उपयोगी पडेल काय? तींतील कर्क्युमिन परीक्षानळींत असा दाह शमवितें खरें. पण खाल्लेल्या हळदींतून तें रक्तांत फारच थोडें उतरतें. पक्षाघातासाठीं मुद्दाम तयार केलेलें एक दाहशामक औषधसुद्धां २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणींत निरुपयोगी ठरलें.

म्हणून तोंड वांकडें होणें, हात लुळा पडणें, जीभ अडखळणें, यांपैकीं एकहि लक्षण अकस्मात् दिसल्यास हळदीचें दूध पाजीत बसूं नये. गिळतांना ठसका लागून नवें संकट ओढवण्याचा संभव असतो. गुठळी विरघळविणारें औषध साधारणतः साडेचार तासांच्या आंतच देतां येतें, आणि तेंहि मेंदूचें छायाचित्र घेतल्यावर. सातारा जिल्ह्यांतील पाटण वा जावळीच्या डोंगरांत राहणाऱ्यांस शहराचा रस्ताहि याच वेळांतून कापावयाचा असतो. हळद रोजच्या आमटींत जरूर असावी. मात्र अशा प्रसंगीं पेवाचाच नियम खरा : आधीं प्राणवायूची वाट मोकळी झाली पाहिजे, बाकी सर्व मागाहून.