कुंडीत काय, मोतीच्या पोटात काय?

अळूच्या फदफद्यात चिंच किंवा आंबट चुका का घालतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला मनी प्लांटचं विष निराळं शिकवायला नको. दोघं एकाच कुळातले. पानापानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक भरलेले. अळू आपण शिजवून, आंबट घालून खातो. कुत्र्याचं पिल्लू मात्र मनी प्लांट कच्चाच चावतं. मग पंजाने तोंड घासणं, लाळेच्या तारा, ओकाऱ्या आणि घरच्यांची पळापळ!

याच कुळातला डिफेनबाकिया तर सवाई. त्याच्या काही पेशी दाबल्या गेल्या की आतल्या सुया जोरात बाहेर फेकतात, म्हणजे चावणाऱ्याच्या तोंडात थेट मारा. पीस लिली, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, झीझी ही सगळी त्यांचीच भावंडं. पण तमाशा मोठा असला तरी जिवावर सहसा बेतत नाही, कारण पहिल्याच घासाला तोंड पोळतं आणि स्वारी मागे हटते. तोंड पाण्याने धुवा, चमचाभर दही चाटवा. घसा सुजून श्वास लागला तर मात्र घरचे उपाय बंद आणि थेट डॉक्टर.

खरी भीती बाळगायची ती सायकसची. बंगल्याच्या फाटकाशी, सोसायटीच्या लॉबीत ऐटीत उभा असतो तो. लोक त्याला पाम समजतात, पण पामशी त्याचं नातं नाही; डायनासोरच्या काळापासून टिकून असलेलं हे घराणं. पान, खोड, मूळ, सगळंच विषारी, आणि मादी झाडाला येणाऱ्या नारिंगी बिया सर्वांत वाईट. एकदोन बियाही कुत्र्याचा जीव घेऊ शकतात. त्यातलं सायकॅसिन यकृताची वाट लावतं. शिवाय मनी प्लांटसारखं हे तोंडाला झोंबतही नाही, त्यामुळे कुत्रं मजेत चघळत बसतं. काही तासांत उलट्या होतात, नंतर जरा बरं वाटल्यासारखं होतं आणि दोनतीन दिवसांनी कावीळ उमटते. म्हणून ‘उलटी झाली, निघून गेलं’ म्हणत बसू नका. माझं मत विचाराल तर, कुत्रं असलेल्या घरात सायकस नकोच.

कण्हेर आणि बिट्टी महादेवाला चालतात, मोतीला नाही. दोन्हींतली द्रव्यं थेट हृदयाचे ठोके बिघडवतात. गुरं-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून रस्त्याच्या दुभाजकांवर कण्हेर बिनधास्त फुलते. बाल्कनीतला गुबगुबीत बुंध्याचा अ‍ॅडेनियम तिचाच नातलग. तिथेच शेजारी फुललेल्या कलांचोमध्येही हृदयावर घाला घालणारी द्रव्यं असतात, आणि गंमत म्हणजे ती बेडकांच्या विषाच्या जातीची. पावसाळ्यात भेक तोंडात धरून फेस गाळणारं कुत्रं पाहिलंय ना? रसायन त्याच घराण्यातलं.

सदाफुलीची गोष्ट त्याहून भारी. कुत्र्याने ती खाल्ली तर उलट्या-जुलाब, जास्त खाल्ली तर झटकेसुद्धा. पण हिच्यापासूनच व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरचं औषध मिळतं, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना समागमातून होणाऱ्या संसर्गजन्य गाठींवर पशुवैद्य तेच शिरेतून देतात. आठवड्याला एक इंजेक्शन, असे काही आठवडे, आणि बहुतेक गाठी विरघळतात. त्या गाठीही अजबच: हजारो वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या कर्करोगाच्या पेशी अजून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जात आहेत. मोती कुंडीतली सदाफुली चोरून खातो, आणि गल्लीतला काळ्या त्याच झाडाच्या औषधावर बरा होतो!

नाताळातल्या लाल पॉइन्सेटियाची बदनामी मात्र फुकटची. चीक जरा झोंबतो, पोट बिघडतं, इतकंच. कोरफडीचा गर आपण चेहऱ्याला लावतो, पण सालीखालचा पिवळा चीक कुत्र्याच्या पोटात गेला की जुलाब ठरलेले. लिली मांजरांची वैरीण, थेट मूत्रपिंडं निकामी करते. कुत्र्यांच्या बाबतीत बहुधा पोटदुखीवर भागतं.

काही खाल्लंच तर त्या झाडाची फांदी किंवा फोटो डॉक्टरांकडे न्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा जुना उद्योग नको. अंगात मीठ वाढलं तर तेच जिवावर येतं.

तुळस, मोगरा, गुलाब, अरेका पाम, स्पायडर प्लांट यांची भीती नाही. पण कुंडीत खत कोणतं घातलंय? एरंडी पेंड असेल, तर झाड कितीही साधं असलं तरी कुंडी साधी नाही. एरंडीच्या बीमधलं रायसिन पेंडीत उरलेलं असू शकतं, आणि पेंडीचा वास कुत्र्यांना भलताच आवडतो. त्यात बोनमील मिसळलं असेल तर मेजवानीच. गांडूळखतावर काम भागतं. पेंडीची पिशवी माळ्यावरही नको.