ताडोब्याचे थकलेले मल्ल

पराजय दोन प्रकारचे असतात. आपल्याहून बलवान गडी समोर यावा आणि त्याने आपणांस चीत करावे, हा एक प्रकार. त्यात लाज नाही, कारण तेथे बळाची बळाशी गाठ पडलेली असते. दुसरा प्रकार अधिक कठोर होय. दहा वर्षांपूर्वी ज्यास आपण सहज लोळविले असते, असा प्रतिस्पर्धी येतो आणि जिंकून जातो. हा विजय वास्तविक काळाचा. प्रतिस्पर्धी हा केवळ त्याचा हस्तक. ह्या दुसऱ्या पराजयाविषयी आज आम्ही लिहिणार आहो, आणि त्यासाठी वाचकांस चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात नेणार आहो. मात्र तेथे पोहोचण्यापूर्वी वाटेत दोन मुक्काम करणे अवश्य आहे.

पहिला मुक्काम आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. महाभारताच्या मौसलपर्वात यादवकुळाचा संहार झाल्यावर द्वारकेतील स्त्रियांस घेऊन अर्जुन निघाला असता काठ्या घेतलेल्या आभीर लुटारूंनी त्यास वाटेत गाठले. कुरुक्षेत्रावर भीष्मद्रोणांस ज्याने तोंड दिले, त्यास गांडीवास दोरी चढविणेही जड गेले. अस्त्रे आठवेनात, अक्षय म्हणविणारे भाते रिते झाले, आणि त्याच्या डोळ्यांदेखत स्त्रियांचे हरण झाले. पुढे तो व्यासांकडे गेला, तेव्हा कार्य संपले असून आता निघण्याची वेळ झाली, हे त्यांनी त्यास समजाविले. थांब म्हणणारा वडीलधारा अर्जुनास लाभला, हे त्याचे भाग्य.

दुसरा मुक्काम पाश्चात्त्य मुष्टियुद्धाच्या आखाड्यात. जो लुई हा १९३७ पासून १९४९ पर्यंत जगज्जेता होता. तो निवृत्त झाला खरा, परंतु सरकारी कराच्या देण्याने त्यास पुन्हा आखाड्यात खेचले. आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये न्यूयॉर्क येथे २८ वर्षांच्या रॉकी मार्सियानोने त्या ३७ वर्षांच्या वीरास आठव्या फेरीत खाली पाडले. महंमद अली ३८ वर्षांचा असता, ऑक्टोबर १९८० मध्ये, लॅरी होम्सशी लढला. होम्स हा पूर्वी त्याचाच सरावाचा जोडीदार! दहावी फेरी संपताच अलीचा वस्ताद अँजेलो डंडी ह्याने लढत थांबविली. पुढे जानेवारी १९८८ मध्ये त्याच होम्सला, तोही ३८ वर्षांचा असता, २१ वर्षांच्या माइक टायसनने चौथ्या फेरीत गारद केले. आणि जून २००५ मध्ये ३८ वर्षांचा टायसन केव्हिन मॅकब्राइड ह्या फारशा नावलौकिक नसलेल्या मल्लापुढे सातव्या फेरीसाठी आसनावरून उठलाच नाही. काळाने तिघांचाही हिशेब एकाच वयाशी चुकता केला.

जाणते सांगतात की, मुष्टियोद्ध्याचे पाय आधी जातात, मग नजर आणि हात ह्यांमधील मेळ जातो. ठोशाचे बळ मात्र सर्वांत शेवटी जाते. म्हणूनच तो फसतो. प्रतिस्पर्ध्याची उघडी बाजू त्यास पूर्वीसारखीच दिसते, हात मात्र क्षणभर उशिरा पोहोचतो. सरावाच्या वेळी ठोसा अजून दणदणीत बसतो, तेव्हा आपण तेच आहो असे त्यास वाटत राहते.

आता अरण्याकडे वळू. १९५५ साली ताडोबा हे राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ साली अंधारी अभयारण्य घोषित झाले, आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. येथील आखाड्याचे नियम मनुष्याच्या आखाड्याहून पुरातन आहेत. नर वाघ आपल्या प्रदेशाच्या सीमा मूत्राच्या गंधाने, झाडावरील नखांच्या ओरखड्यांनी आणि डरकाळीने आखतो. त्या प्रदेशात सामान्यतः एकाहून अधिक वाघिणींची ठाणी असतात. बहुतेक तंटे ह्या खुणांवरच मिटतात, कारण जखमी वाघास शिकार करता येत नाही आणि शिकार न करणारा वाघ जगत नाही. परंतु तरुण नर मागे हटेनासा झाला की झुंज अटळ होते. म्हाताऱ्याचे सुळे झिजलेले वा तुटलेले, सांधे आखडलेले. तो हरला तर केवळ प्रदेशच जातो असे नाही. नवा स्वामी पुष्कळदा जुन्याची पिल्ले मारून टाकतो. म्हणजे येथे पणाला लागते ते पदक नसून वंश.

मोहर्लीच्या रानात वाघडोह ह्या नावाचा एक प्रचंड नर पुष्कळ वर्षे राज्य करीत होता. चेहऱ्यावरील व्रणामुळे पर्यटक त्यास ‘स्कारफेस’ म्हणत. त्याची छायाचित्रे देशोदेशी गेली. उतारवयात तरुण नरांच्या रेट्याने त्यास ते रान सोडावे लागले, आणि तो चंद्रपूर शहरानजीकच्या, कोळशाच्या खाणी व औष्णिक विद्युत् केंद्र ह्यांच्या आसपासच्या झुडपी रानांत येऊन राहिला. चपळ सांबर हाती लागेना, तेव्हा गुराढोरांवर निर्वाह करण्याची पाळी आली. मे २०२२ मध्ये सिनाळा गावाजवळ तो मृतावस्थेत आढळला. वय सुमारे १७ वर्षे. रानातल्या वाघास इतके आयुष्य क्वचितच लाभते.

जिंकणाऱ्याचेही सुख टिकत नाही. छोटा मटका म्हणून प्रसिद्ध असलेल्या नराने नोव्हेंबर २०२३ मध्ये चिमूर तालुक्यात बजरंग नावाच्या नामांकित नरास झुंजीत ठार केले. मे २०२५ मध्ये त्याने ब्रह्मा नामक नरासही मारले. परंतु ह्या वेळी पायाची जबर दुखापत त्याच्या वाट्यास आली, तो लंगडू लागला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वनखात्यास त्यास उपचारासाठी पकडावे लागले. होम्सची गोष्ट येथेही चुकली नाही.

तथापि मल्ल आणि वाघ ह्यांत एक मोठा भेद आहे. मल्लास थांबता येते. लोभाने, कर्जाने वा अभिमानाने तो थांबत नाही, एवढेच. वाघास निवृत्ती नाही. त्याला वस्ताद नाही, व्यास नाही, आणि घरी बसून खावे अशी शिदोरीही नाही. स्वामित्व गेलेला म्हातारा आणि स्वामित्व न मिळालेला तरुण, दोघेही अरण्याच्या कडेस फेकले जातात. आणि त्या कडेवर माणसांची घरे आहेत, शेते आहेत, मोहफुले व तेंदूपाने गोळा करणाऱ्या स्त्रिया आहेत. गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा अशा तीन जिल्ह्यांत भटकणाऱ्या एका वाघास ऑक्टोबर २०२२ मध्ये वडशाच्या रानात पकडले, तेव्हा त्याच्या नावावर १३ मनुष्यांचे बळी नोंदले गेले होते. प्रत्येक हल्ला थकलेल्या वाघाचाच असतो असे मुळीच नव्हे. परंतु अरण्यातील प्रत्येक पराजयाचे ओझे शेवटी ह्याच कडेवर येऊन पडते, ही गोष्ट खरी.

येथे आम्हांस सुज्ञ वाचकांपुढे एक विचार ठेवावयाचा आहे. अलीच्या भरभराटीत त्याच्या नावाचा जयघोष करणारे कोट्यवधी होते. १९८४ साली त्याचा कंपवात निश्चित झाल्यावर हात कापू लागले ते एकट्याचे. वाघडोहाचे ऐश्वर्य उघड्या जीपमधून आपण पाहिले, मुलांस दाखविले, छायाचित्र दिवाणखान्यात लावले. त्याचे वार्धक्य पोसले ते मात्र कोणा गुराख्याच्या गाईने. पराक्रमाचा उत्सव एकाने पाहावा आणि उतारवयाचा खर्च दुसऱ्याने सोसावा, हा व्यवहार न्यायाचा नव्हे. शासन मृताच्या कुटुंबास २५ लाख रुपये देते, ते योग्यच. पण पैशाने कुंकू परत येत नाही. गाय गेल्यावर भरपाईसाठी खेपा न घालाव्या लागणे, तेंदूच्या हंगामात रानात वाघ कोठे आहे ही वार्ता वेळेवर गावात पोहोचणे, घराजवळ शौचालय आणि चुलीस सरपणावाचून इंधन असणे, थकलेल्या वाघावर नजर ठेवणाऱ्या वनरक्षकांस पुरेसे मनुष्यबळ मिळणे, ह्या गोष्टी सफारीच्या तिकिटाइतक्याच वाघाच्या खर्चात धरल्या पाहिजेत.

काळापुढे अर्जुनाचे चालले नाही, तेथे वाघाचे काय चालणार? हार कोणासही टळत नाही. परंतु हरणाऱ्याचा भार कोणी उचलावा, हे मात्र काळाच्या हाती नाही; ते आपल्या हाती आहे. पुढच्या सुटीत ताडोब्यास जाणाऱ्या आमच्या वाचकांनी दिमाखदार वाघ अवश्य पाहावा. परंतु वाटेत जे गाव लागेल तेथे घटकाभर उतरून, ह्या वर्षी कोणाचे ढोर गेले आणि त्याची भरपाई मिळाली काय, एवढे तरी विचारावे.